पिवळ्या बुचाची बाटली

नव्वदच्या दशकात सांगलीला गॅसचा नंबर लावायचा तर बाबा शेजारच्या काकांकडे जाऊन फोनची तबकडी फिरवत बसायचे. अर्ध्या तासाने परत यायचे आणि चपला काढता काढता एकच शब्द बोलायचे, "एंगेज." हा शब्द मी पार विसरलो होतो. 2018 साली ब्रसेल्समध्ये मोबाइल कानाला लावून दीड तास बसलो तेव्हा तो परत भेटला. पलीकडे या वेळी गॅस एजन्सी नव्हती, ख्रिस्ती साधूंचा मठ होता. आणि मला सिलिंडर नको होता, बिअरचा क्रेट हवा होता.

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांच्या मुलखात, वेस्टफ्लेटरन नावाचं गाव आहे. तिथल्या सिंट-सिक्सटस मठातले ट्रॅपिस्ट पंथाचे साधू एकोणिसाव्या शतकापासून बिअर करतात. यांचा नियम असा, की साधूने स्वतःच्या हातच्या कामावर पोट भरायचं. कुठल्या मठात चीज होतं, कुठल्या मठात बिअर. पण करायची ती मठ चालेल एवढीच. 2005 साली बिअरप्रेमींच्या एका संकेतस्थळाने यांच्या 'बारा नंबर'ला जगातली सर्वोत्तम बिअर ठरवलं, मठाच्या दाराशी गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि साधूंनी काय केलं? प्रार्थनेची वेळ झाली म्हणून आत गेले. मागणी वाढली म्हणून माल वाढवायचा, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही.

मी फोन केला तेव्हाची पद्धत अशी होती: फोन करायचा, गाडीचा नंबर सांगायचा, दिलेल्या दिवशी दिलेल्या वेळी त्याच गाडीने जाऊन क्रेट उचलायचा. एकदा घेतला की त्या फोनला आणि त्या गाडीला साठ दिवस बंदी. आणि नेलेली बाटली पुढे विकायची नाही. (त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केटने कुठूनशा बाटल्या मिळवून दहा-दहा युरोंना विकायला काढल्या. मठात तीच बाटली तेव्हा दोन युरोंच्या आत मिळायची. साधू रागावले. साधूंचं रागावणं म्हणजे काय, तर त्यांनी निवेदन काढलं.) ट्रॅपिस्ट गरजेपुरतंच बोलतात अशी ख्याती आहे. अशा लोकांचा फोन सकाळपासून एंगेज कसा, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

शेवटी फोन लागला. पलीकडचा आवाज इतका शांत होता, की मी उगीचच उभा राहिलो. रात्रशाळेत शिकलेल्या डचमध्ये नाव सांगितलं, वेळ ठरली. मग गाडीचा नंबर. त्यात एक 'डब्ल्यू' होता.

डचमध्ये 'व्ही' वेगळा आणि 'डब्ल्यू' वेगळा. एकाचा उच्चार 'फे'कडे झुकतो, दुसरा आपल्या 'वे'सारखा. वर्गातल्या बाई आरशासमोर उभं करून, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हे शिकवायच्या. पण मराठी माणसाला देवाने एकच 'व' दिलाय. वांगं, वकील, वोडका, व्हॉल्व्ह, सगळं त्यात बसवायचं. मी 'वे' म्हणालो. समोरून विचारणा झाली, "फे?" मी म्हणालो, "वे." "फे?" मागे रांगेत किती लोक 'एंगेज' ऐकत बसले असतील या विचाराने मला घाम फुटला आणि मी म्हणालो, "या, या." डचमध्ये 'या' म्हणजे 'हो'.

दहा दिवसांनी सव्वाशे-दीडशे किलोमीटर गाडी हाकत गेलो. बायको सोबत होती. तिचं म्हणणं, तेवढ्या पेट्रोलमध्ये घराजवळच्या दुकानातून महिनाभराची बिअर आली असती. गाड्यांच्या रांगेत आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने यादी पाहिली, आमची पाटी पाहिली, पुन्हा यादी पाहिली. यादीत 'व्ही' होता. मी त्याला 'व'ची सगळी कैफियत ऐकवली. बाराखडीपर्यंत पोचलो होतो. तो माणूस शांतपणे ऐकत राहिला, मग म्हणाला, "पण तुम्ही आमच्या गावाचं नाव कसं म्हणता? त्यात तर दोन्ही आहेत." मी म्हणून दाखवलं. तो हसला आणि त्याने क्रेट दिला. परीक्षेत नापास होऊन वरच्या वर्गात गेल्यासारखं वाटलं. (पुढच्याच वर्षी मठाने नंबर लावायला वेबसाइट काढली. तिथे 'डब्ल्यू' नुसता टाइप करायचा होता. तोवर मला त्याचा उच्चार जमायला लागला होता.)

लाकडी क्रेट, चोवीस बाटल्या, एकीवरही लेबल नाही. खांद्यावर काचेतच उठवलेली अक्षरं आणि पिवळं बूच, बस्स. काय आहे, किती जालीम आहे, ते सगळं त्या बुचावर. 'बारा' हा टक्क्यांचा आकडा नाही, जुन्या बेल्जियन मापातला आहे. अल्कोहोल 10.2 टक्के. म्हणजे इथल्या साध्या बिअरच्या दुप्पट.

सोमवारी ऑफिसात फुशारकी मारली, तर एक बेल्जियन सहकारी कॉफी ढवळत म्हणाला, "अरे, वाटूची घ्यायचीस ना. सुपरमार्केटात मिळते." मग त्याने मला इतिहास सांगितला. 1946 साली मठाने बिअरचा व्याप कमी केला आणि जवळच्या वाटू गावातल्या एका कारखान्याला आपल्या नावाने बिअर करायचा परवाना दिला. तो 1992 ला संपला, पण कारखाना सिंट बर्नार्डस या नावाने तीच कृती चालवतो. वर त्याच्याकडे बिअर आंबवणारं मठाचं जुनं यीस्ट आहे, आणि मठ स्वतः आता वेस्टमालच्या मठातलं यीस्ट आणून वापरतो. म्हणजे मूळची चव कुठे, तर सुपरमार्केटच्या फळीवर, रांग नाही, 'व' नाही.

मी त्याला देवगड हापूसबद्दल सांगितलं. आंबा कर्नाटकातलाही गोड असतो, प्रश्न गोडीचा नसतोच. त्याला पटलं नाही. मलाही पुरतं पटलं नव्हतं, पण दीड तास फोन मी केला होता, त्याने नाही.

खरी परवड इथून पुढे. बाटल्या तळघरात ठेवल्या, कारण ही बिअर फ्रिजमधली गार प्यायची नसते, बारा ते सोळा अंशांवर प्यायची असते. पहिली बाटली पोचल्याच्या आनंदात उघडली. त्यानंतर हात धजेना. आमच्या घरी बोन चायनाचा एक सेट होता, आईच्या लग्नातला. तो शोकेसमध्ये असायचा आणि 'कोणी आलं की' निघायचा. त्या सेटच्या लायकीचं माणूस आमच्याकडे तीस वर्षांत आलं नाही. तसंच माझं झालं. वाढदिवस? दरवर्षी येतो. प्रमोशन? एवढंसं तर मिळालं. बायको तळघराला गाभारा म्हणायला लागली. मित्र आले की मी त्यांना खाली नेऊन क्रेटचं दर्शन घडवायचो आणि वर आणून साधी बिअर पाजायचो. मित्र कमी झाले.

मग आईबाबा दोन महिन्यांसाठी आले. एका शनिवारी आम्ही दोघं बाजारातून परतलो, तर बाबा बाल्कनीत बसलेले, समोर कांदा-टोमॅटो घातलेले शेंगदाणे, हातात पिवळ्या बुचाची बाटली. बूच त्यांनी पक्कडीने काढलं होतं. तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो हलू नये म्हणून रुंद तोंडाच्या पेल्यात हळुवार ओतायची, शेवटचा घोट बाटलीतच ठेवायचा, हे सगळं शास्त्र बाजूला. बाबांनी बाटली आधी चांगली हलवून घेतली होती, खोकल्याच्या औषधासारखी.

"कशी आहे?" मी विचारलं. आवाज थोडा कापरा आला असावा.

"गोडसर आहे," बाबा म्हणाले. "खजूर-चिंचेची चटणी असते ना, तिला कोणी फेस आणला तर कशी लागेल, तशी. मागून कडवट. पण चांगली आहे. तुझ्या त्या पिवळ्या पाण्यापेक्षा केव्हाही."

इतकं नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. मी मुकाट्याने खाली जाऊन दुसरी आणली आणि पेल्यात ओतली. गडद तपकिरी, उजेडासमोर धरली की कडेला तांबूस झाक. वर मळकट पांढरा फेस. मनुका, जळकी साखर, थोडं चॉकलेट, आणि छातीत उतरणारी ऊब. पहिल्या बाटलीच्या वेळी मी इतका घाईत होतो की यातलं काहीच कळलं नव्हतं.

बाबा मला 1974 च्या रेल्वे संपाची गोष्ट सांगत होते. "मी मिरज जंक्शनला उतरलो आणि बघतो तर..." एवढं म्हणाले आणि बसल्या जागी झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना पुढे म्हणाले, "...फलाटावर काळं कुत्रं नाही."

त्या महिन्यात क्रेट संपला. बापलेकांनी कसलंही निमित्त न शोधता संपवला. आई फक्त वास घेऊन "साधू आहेत म्हणता आणि हे करतात?" एवढंच दर वेळी म्हणायची. बाटल्यांवर मात्र तिचा जीव जडला.

पुढच्या खेपेला रिकामा क्रेट परत केला, तेव्हा खिडकीतल्या माणसाने मोजून तेवीस बाटल्या सांगितल्या. चोविसावीचे डिपॉझिटचे पैसे कापून घेतले. मी घरभर शोधली. परवा व्हिडिओ कॉलवर आई स्वयंपाकघरात उभी राहून पोळीवर काकवी ओतत होती. बाटलीच्या खांद्यावरची अक्षरं मी लगेच ओळखली.

"आई, ती बाटली..."

"किती छान आहे रे," आई म्हणाली. "लेबल खरवडत बसावं लागलं नाही."