जकात गेली, आता शहर कशावर जगतंय?

पुण्यात खड्डे, कचरा, पाणी यावर आपण रोज तावातावाने बोलतो. महापालिकेकडे पैसा येतो कुठून, हा विषय मात्र कुणी काढत नाही. मला वाटतं खरी मेख तिथेच आहे.

जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा महापालिकेचा कर, गेली याचं मला दुःख नाही. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आणि चिरीमिरी कुणाला हवी होती? पण शहरात माल जास्त आला की तिजोरीत पैसाही जास्त यायचा, तेही रोजच्या रोज. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना तोही माफ झाला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. आता राज्य सरकार भरपाईचा हप्ता पाठवतं. खराडीतल्या कंपन्यांची उलाढाल कितीही वाढो, महापालिकेने हप्त्याची वाट बघायची. (हिंजवडी तर कुठल्याच महापालिकेत नाही, तो वेगळाच विनोद.)

मग हातात मोठं असं उरतं काय? मिळकतकर आणि बांधकाम परवानग्या. प्रीमियम, जादा एफएसआय (म्हणजे प्लॉटवर नेहमीपेक्षा जास्त बांधायची मुभा), विकास शुल्क हा पैसा एकदाच येतो. त्या इमारतीला पाणी, ड्रेनेज, कचऱ्याची गाडी कायमची लागते. ती तूट भरायला पुढच्या वर्षी आणखी इमारती हव्यात. बियाणं विकून घर चालवण्यातलाच हा प्रकार. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत घेतली. त्या २३ गावांत परवानग्यांचं काम २०२१ मध्ये दिलं पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, राज्य सरकारची संस्था) आणि पाणी-रस्ते द्यायचे महापालिकेने! तिथल्या कित्येक सोसायट्या टँकरवर जगतात. महापालिकेचं पाणी येईपर्यंत सोय करू, असं हमीपत्र बिल्डर देतो. ताबा दिला की टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं.

आता आपल्याकडे वळू. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. ती काढली तेव्हा गदारोळ झाला, २०२३ मध्ये परत आली तेव्हा श्रेयासाठी चढाओढ. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करच नाही. लहान घरांना सूट मला पटते. पण दोन कोटींच्या फ्लॅटला ४० टक्के कशासाठी?

माझ्या मते सवलत घराच्या आकारानुसार द्यावी आणि जीएसटीतला ठरावीक वाटा कायद्याने थेट शहरांना मिळावा. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी १८ कामांची यादी केली, पैशाचं मात्र राज्यांच्या मर्जीवर सोडलं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षं बजेट प्रशासकानेच मांडलं आणि त्यानेच मंजूर केलं. आपल्याला फारसा फरकही पडला नाही.

वाद घालायचा तर कमेंटमध्ये जरूर या. फक्त ‘सगळे पैसे खातात’ एवढंच लिहू नका. खातात, मान्य. पण कुणी एक रुपया खाल्ला नाही तरी हे गणित जुळत नाही.