मंडपांच्या सणाला येशूचा जन्म झाला, हा दावा तपासताना

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर जवळ आला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या आणि मशीहावादी (येशूला मशीहा मानून यहुदी सण पाळणाऱ्या) अभ्यासगटांच्या मोबाइलवर एक लांबलचक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: येशूचा जन्म मंडपांच्या सणाच्या, म्हणजे डहाळ्यांच्या मंडपांत आठवडाभर साजरा होणाऱ्या सुक्कोथ या यहुदी सणाच्या, पहिल्या दिवशी तिश्री (सप्टेंबर-ऑक्टोबर) महिन्याच्या १५ तारखेला झाला, हे जखऱ्या याजकाच्या पाळीवरून गणिताने सिद्ध होते. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने ‘मंडप’ हा शब्द वापरला तो त्यासाठीच. उतारशाळेत जागा नव्हती ती सणाच्या गर्दीमुळे, गव्हाणी म्हणजे सुक्का (सणाचा मंडप), आणि बाळंते म्हणजे याजकांची जुनी वस्त्रे. आठव्या दिवशीची सुंता म्हणजे सणानंतरचा पवित्र मेळा. म्हणून खरा नाताळ हाच, २५ डिसेंबर मूर्तिपूजकांचा. जो हा सण पाळणार नाही त्याच्यावर पाऊस पडणार नाही. आणि यहुद्यांना स्वतःच्याच सणाचा अर्थ कधी कळला नाही.

या संदेशाला उत्तर देतो आहे ते नाताळाची बाजू घेण्यासाठी नव्हे. डिसेंबरातली तारीखही शास्त्रात नाही, हे मान्य करूनच मी लिहीत आहे. मला हा सण प्रिय आहे. येशूला इस्राएलाचा मशीहा मानणाऱ्या यहुद्यांनी आणि त्यांच्यासह हा सण पाळणाऱ्या इतरांनी त्यात जे पाहायचे, ते एका जन्मतारखेच्या ओझ्याखाली दडपले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सगळी इमारत ज्यावर उभी आहे त्या गणितापासून सुरुवात करू. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या हा अबीयाच्या वर्गातला याजक होता (लूक १:५). याजकांचे २४ वर्ग होते आणि त्यांत अबीयाचा आठवा (१ इतिहास २४:१०). प्रत्येक वर्गाची पाळी एका आठवड्याची. संदेश लिहिणारा निसान (मार्च-एप्रिल) या पहिल्या महिन्यापासून मोजू लागतो, वल्हांडण आणि सप्ताहांचा सण हे सर्व वर्गांनी मिळून सेवा करण्याचे आठवडे वगळतो आणि जखऱ्याची पाळी सिवान (मे-जून) महिन्याच्या उत्तरार्धात आणून ठेवतो. त्यानंतर लगेच त्याची पत्नी अलीशिबा गरोदर राहिली, तिच्या सहाव्या महिन्यात मरीयेला देवदूताचे दर्शन झाले, आणि तिथून नऊ महिने मोजले की तिश्री येतो.

ही साखळी दिसते तितकी पक्की नाही. २४ वर्ग आणि आठवड्याची पाळी असेल, तर वर्षातून प्रत्येक वर्गाची पाळी साधारण दोनदा येणार. लूक कोणत्या पाळीविषयी सांगतो हे त्याने लिहिलेले नाही. दुसरी पाळी धरली तर तेच गणित जन्म वल्हांडणाच्या आसपास नेऊन सोडते. शिवाय पाळ्यांचे चक्र दर निसानात पुन्हा पहिल्या वर्गापासून सुरू होत असे, हे संदेशात गृहीत धरले आहे, दाखवलेले नाही. मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांत या पाळ्यांची कोष्टके आहेत, आणि त्यांत २४ वर्गांचे चक्र वर्ष संपले म्हणून थांबत नाही. ते अखंड चालते आणि सहा वर्षांनी मूळ जागी परत येते. त्या पंथाचे पंचांग ३६४ दिवसांचे होते आणि यरुशलेमेतल्या मंदिराचे चांद्र, त्यामुळे कुमरानची कोष्टके जशीच्या तशी मंदिराला लावता येत नाहीत, हे खरे. पण चक्र अखंड चालत असेल तर अबीयाचा आठवडा दरवर्षी सरकणार, आणि मग येशूच्या जन्माचे वर्ष निश्चित ठाऊक असल्यावाचून महिना सांगता येणार नाही. ते वर्ष निश्चित ठाऊक नाही. त्यात चांद्रवर्षाचा मेळ ऋतूंशी घालण्यासाठी मधूनमधून तेरावा महिना धरला जाई, ही भर आहेच.

तरीही वादापुरते सिवान मान्य करू. लूक म्हणतो की सेवेचे दिवस संपल्यावर जखऱ्या घरी गेला आणि त्यानंतर अलीशिबा गरोदर राहिली. किती दिवसांनी, ते तो सांगत नाही. ‘सहावा महिना’ म्हणजे त्याची सुरुवात की अखेर, तेही नाही. गर्भारपणाचे दिवसही नेमके मोजून दिलेले नसतात. इतक्या सैल दुव्यांची साखळी फार तर एखाद्या ऋतूपर्यंत पोहोचवील. तिच्या टोकाला नेमकी १५ तारीख बांधलेली सापडते, याचा अर्थ ती तारीख आधी ठरवून मग मागे मोजत आणले आहे.

दुसरा आधार योहान १:१४ चा. मराठीत आपण ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ असे वाचतो. मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे, हे संदेशाचे म्हणणे बरोबर आहे. परंतु वाक्य तिथे संपत नाही. ‘आम्ही त्याचे गौरव पाहिले’ असे योहान पुढे लिहितो, आणि तंबू व गौरव ही जोडी रानातल्या निवासमंडपाची आहे, ज्याच्यावर मेघ उतरला आणि परमेश्वराच्या तेजाने जो भरून गेला. हा निवासमंडप पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी उभारला गेला, असे निर्गम ४०:१७ स्पष्ट सांगते. योहानाच्या या वाक्यात तारीख लपवलेली आहे असा कोणाचा आग्रहच असेल, तर ती १ निसान निघेल, १५ तिश्री नव्हे.

उतारशाळेत जागा का नव्हती, हे लूकने सांगितलेले आहे: नावनिशी लिहून घेण्यासाठी लोक आपापल्या गावी गेले होते. येशूच्या आईवडिलांची वल्हांडणासाठीची दरवर्षीची यरुशलेमेची वारी तो त्याच अध्यायात आवर्जून नोंदवतो. मग जन्माच्या वेळी एवढा मोठा सण चालू असता तर त्याने तो गाळला असता, हे पटत नाही. गव्हाणी ही गुरांना वैरण घालण्याची जागा. याकोबाने गुरांसाठी मंडप घातले होते (उत्पत्ती ३३:१७), एवढ्यावरून बेथलेहेमातली गव्हाणी सुक्का होत नाही. बाळंत्याचे तर काहीच नाही. याजकांचे झिजलेले पायजमे आणि कमरपट्टे फाडून सणाच्या दिव्यांच्या वाती करत, असे मिश्ना (यहुद्यांच्या मौखिक नियमांचा जुना संग्रह) सांगते. तान्ह्या मुलाला त्यांत गुंडाळत, असे ती कुठेही सांगत नाही, आणि यहेज्केल १६:४ वरून दिसते की नवजात बाळाला गुंडाळणे ही घरोघरची रीत होती.

आणखी एक युक्तिवाद असा: मेंढपाळ हिवाळ्यात रानात नसतात, म्हणून जन्म डिसेंबरात नाही. डिसेंबरात नाही, म्हणून तो मंडपांच्या सणात. या युक्तिवादाचा दुसरा भाग पहिल्यातून निघतच नाही, कारण हिवाळा वगळला तरी उरलेले सगळे महिने मोकळेच राहतात. पहिला भागही निर्विवाद नाही: उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात वस्तीत न येणाऱ्या कळपांचा उल्लेख तालमुदातच, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या संग्रहातच, आहे. २५ डिसेंबरची लिखित नोंद रोममधल्या इ.स. ३५४ च्या पंचांगात येते आणि त्याच पंचांगात त्याच दिवशी ‘अजिंक्य सूर्य’ या रोमन देवाचाही उत्सव आहे. कोणी कोणावरून घेतले, यावर इतिहासकारांत एकमत नाही. मात्र त्याच्याही सुमारे दीडशे वर्षे आधी अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा लेखक जन्मतारखेविषयीची वेगवेगळी मते नोंदवतो. त्यांत मे महिन्यातली तारीख आहे, मंडपांच्या सणाचे नाव नाही.

आठव्या दिवसाचा मुद्दा स्वतंत्र पुरावा नव्हेच. १५ तारखेला जन्म धरला की सुंता २२ तारखेला येणार, ही केवळ बेरीज आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे लिहावेसे वाटले तिच्याकडे येतो. येशू मंडपांच्या सणाला यरुशलेमेत होता, मंदिरात उभा राहिला आणि मोठ्याने बोलला, हे शास्त्र उघड सांगते. योहानाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पूर्णपणे या सणाचा आहे. आणि इतक्या लांब संदेशात त्या अध्यायाचा साधा उल्लेखही नाही. मशीहावर विश्वास ठेवणाऱ्याने या सणात त्याला शोधायचे, तर आधी तिथे शोधावे.

त्या देशात साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस नसतो. मंडपांचा सण येतो तेव्हा खळे आणि द्राक्षकुंड यांचे काम आटोपलेले असते, विहिरी खोल गेलेल्या असतात आणि सगळ्यांचे डोळे पुढच्या पावसाकडे लागलेले असतात. मंदिर उभे होते तोवर या सणाच्या दिवसांत रोज सकाळी शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या सुरईत पाणी भरून आणत. पाणीवेशीशी शिंगे फुंकली जात, आणि याजक वेदीवरच्या रुप्याच्या पात्रांत द्राक्षारसाबरोबर ते पाणी ओतत असे. त्या आनंदाविषयी मिश्ना म्हणते की पाणी काढण्याच्या ठिकाणचा हर्ष ज्याने पाहिला नाही, त्याने आयुष्यात हर्ष पाहिलाच नाही. अशा सणाच्या शेवटल्या, महत्त्वाच्या दिवशी (तो सातवा की आठवा, यावर अभ्यासकांचे दुमत आहे) येशू उभा राहून म्हणतो की कोणी तान्हेला असला तर त्याने माझ्याकडे यावे आणि प्यावे. योहान लगेच खुलासा करतो की हे त्याने पवित्र आत्म्याविषयी म्हटले. सात दिवस पाणी ओतले जाताना पाहिलेल्या लोकांना हे शब्द ऐकताना काय वाटले असेल, याचा विचार करावा. अध्यायाच्या अखेरीस त्यांच्यात फूट पडते ती उगीच नाही.

याच सणात रात्री स्त्रियांच्या अंगणात उंच सोन्याच्या दीपस्तंभांवर मोठाले दिवे लावत, आणि त्या उजेडाने न उजळलेले एकही अंगण यरुशलेमेत उरत नसे, असे मिश्ना नोंदवते. ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे येशूचे वचन त्याच ओघात, आठव्या अध्यायात येते. पाणी आणि प्रकाश या दोन्ही चिन्हांनी तो सणाच्या मध्यभागी स्वतःला ठेवतो. याच्यापुढे जन्मतारखेचा कयास फारच तोकडा वाटतो.

आणखी एक अडचण खुद्द मशीहावादी शिकवणीतली आहे. वल्हांडण, प्रथमफळाचा दिवस आणि सप्ताहांचा सण हे वसंतातले सण येशूच्या मरणाने, पुनरुत्थानाने आणि आत्म्याच्या वर्षावाने पूर्ण झाले, तर कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मंडपांचा सण हे शरदातले सण त्याच्या पुनरागमनाकडे पाहतात, असे बहुतेक मशीहावादी शिक्षक शिकवतात. हा क्रम मानणारेच जेव्हा पहिले आगमन शरदातल्या शेवटच्या सणात नेऊन बसवतात, तेव्हा आपल्याच मांडणीचा कणा ते मोडतात. सणाचे तोंड पुढे आहे: प्रकटीकरण ७:९ मधला सर्व राष्ट्रांचा समुदाय हातांत झावळ्या घेऊन उभा आहे, आणि २१:३ मध्ये देवाचा मंडप मनुष्यांजवळ येतो. आणि त्याचे मूळ मागे आहे: मी तुम्हाला मिसर देशातून काढून आणले तेव्हा मंडपांत राहायला लावले, हे तुमच्या पुढच्या पिढ्यांना कळावे, असे लेवीय २३:४३ म्हणते. डोक्यावर डहाळ्यांचे विरळ छप्पर घेऊन आठवडाभर जेवताना या दोन्ही गोष्टी आपोआप मनात येतात.

पाऊस पडणार नाही, ही धमकी जखऱ्या संदेष्ट्याच्या (वरचा याजक जखऱ्या नव्हे) पुस्तकाच्या १४ व्या अध्यायातून उचललेली आहे. तो अध्याय परमेश्वर सर्व पृथ्वीवर राजा होईल त्या दिवसाविषयी बोलतो, आणि यरुशलेमेवर चाल करून आलेल्या राष्ट्रांपैकी जे उरतील त्यांना उद्देशून आहे. सोलापुरातल्या किंवा नगरमधल्या मंडळीने यंदा मंडप घातला नाही म्हणून तिच्या शेतांवर ते वचन लावणे, तेही अवर्षणाच्या पट्ट्यात, हे शास्त्राचा गैरवापर करून भोळ्या माणसांना घाबरवणे आहे. सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांविषयी कोणी तुमचा न्याय करू नये, असे पौल कलस्सै २:१६ मध्ये लिहितो. ते दोन्हीकडे लागू आहे: जो सण पाळतो त्याला नियमशास्त्राचा गुलाम म्हणू नये, आणि जो पाळत नाही त्याला मूर्तिपूजक म्हणू नये. अनुवाद १६:१४ मधली आज्ञा तर आनंद करण्याची आहे, आणि त्या आनंदात दास, दासी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना सोबत घेण्याची.

शेवटचा मुद्दा यहुद्यांना सणाचा अर्थ कळला नाही, हा. वर पाणी आणि दिवे यांविषयी जे लिहिले ते सर्व मिश्नाच्या ‘सुक्का’ या भागातून आपल्याला मिळाले. तो नसता तर योहान ७ चा निम्मा अर्थ आपल्यापासून झाकलेलाच राहिला असता. गणना २९ मध्ये सात दिवसांत मिळून ७० गोऱ्हे अर्पण होतात, पहिल्या दिवशी १३ आणि पुढे रोज एक कमी. हे अर्पण जगातल्या ७० राष्ट्रांसाठी आहे, असे तालमूद सांगतो. सर्व राष्ट्रे यरुशलेमेस येतील असे सांगणारा जखऱ्याचा तो चौदावा अध्याय सणाच्या पहिल्या दिवशी सिनॅगॉगमध्ये वाचला जातो. आपल्या शेजारी मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी आहेत; त्यांचे मुंबईतले शआर हरहमीम हे सिनॅगॉग १७९६ चे आहे, आणि ठाणे, अलिबाग, पेण येथेही त्यांची प्रार्थनास्थळे आहेत. येशूविषयी त्यांचे आणि आपले मत वेगळे आहे, ते तसे मोकळेपणाने सांगता येते. पण तुमच्या सणाचा अर्थ तुम्हालाच ठाऊक नाही, असे त्यांना लिहिणे असत्य आहे आणि अपमानकारकही आहे. ज्यांना बाकीचा संदेश पुढे पाठवायचाच आहे त्यांनी निदान तो परिच्छेद काढून टाकावा, अशी माझी विनंती आहे.