न पाहिलेल्या सिनेमाच्या विडंबनावर कसं हसावं

‘ट्वायलाइट’ या रक्तपिपासू व्हँपायरच्या प्रेमकथेच्या सिनेमालिकेची टर उडवणाऱ्या ‘व्हँपायर्स सक’ या सिनेमावर चारचौघांत मत द्यायची वेळ आली, तर सुरुवात ठरलेली ठेवा. “मी ‘ट्वायलाइट’ काही पाहिलेला नाही, पण...” हे ‘पण’ फार महत्त्वाचं. त्याच्या अलीकडे तुमची अभिरुची असते आणि पलीकडे तुम्ही काय वाट्टेल ते बोलायला मोकळे.

खरी कसोटी मात्र थिएटरच्या अंधारात असते. २०१० सालचा हा सिनेमा दीड तासाचाही नाही आणि त्यातला बहुतेक वेळ मूळ मालिकेच्या पहिल्या दोन भागांची नक्कल करण्यात जातो. आता नक्कल म्हटली की असल ठाऊक असावं लागतं. जेन प्रॉस्के ही नायिका ओठ चावते, केस कानामागे सारते, वाक्य सुरू करते, मध्येच अडखळते, पापण्या फडफडवते आणि वाक्य तसंच वाऱ्यावर सोडून देते. शेजारचा खरोखर अनभिज्ञ प्रेक्षक म्हणतो, “हिला बरं वाटत नाहीये का?” आणि तुम्ही मात्र हसून हसून खुर्चीतून घसरायला आलेले असता. सापडलात! मूळ सिनेमाची नायिका क्रिस्टन स्टुअर्ट नेमकी कितव्या अक्षरावर अडखळते हे पाठ असल्याशिवाय माणूस इतका वेळेवर हसत नाही.

म्हणून हसू दोन सेकंद उशिरा आणायची सवय करा. शेजारी हसला की मग हसा. शेजारीही तुमच्यासारखाच जाणकार निघाला आणि तोही तुमच्या हसण्याची वाट पाहत बसला, तर सगळा प्रसंग शांततेत पार पडतो. (नंतर दोघांनीही “विनोद पोचत नाहीत” असं मत द्यावं.)

मूळ कथेत लांडगा होणारा जेकब इथे चिवावा होतो तिथे मनमोकळं हसायला हरकत नाही. तेवढ्याशा कुत्र्याला हसायला पूर्वतयारी लागत नाही.

आता तुम्ही मूळ मालिकेचे उघड चाहते असाल, तर तुमचं काम आणखी सोपं. सिनेमा न पाहताच चिडायचं. एका मुलीच्या खोलीत रात्री खिडकीतून शिरून ती झोपलेली असताना टक लावून बघत बसणारा, शंभरी गाठलेला व्हँपायर शाळकरी मुलगा ही प्रेमाची परमावधी आहे. ज्यांना ती दिसत नाही त्यांनी कधी प्रेमच केलेलं नाही, असं ठणकावून सांगा. उन्हात आला की तो जळत नाही, चमचमतो, हे तर साहजिकच आहे. यात हसण्यासारखं काय आहे, असा प्रश्न कपाळावर आठ्या घालून विचारावा. मूळ सिनेमातला नायक रॉबर्ट पॅटिन्सन स्वतःच मुलाखतींतून या कथेची टिंगल करत आला आहे, हे कुणी काढलं तर ऐकू न आल्याचं दाखवा.

मालिका न आवडणाऱ्यांची अडचण जरा नाजूक आहे. सिनेमा आवडला म्हणावं, तर तो जेसन फ्रीडबर्ग आणि ॲरन सेल्ट्झर या जोडीचा. ‘डेट मूव्ही’, ‘एपिक मूव्ही’, ‘मीट द स्पार्टन्स’, ‘डिझास्टर मूव्ही’ अशा समीक्षकांनी झोडपलेल्या विडंबनांचा त्यांचा लौकिक. नाही आवडला म्हणावं, तर तुम्ही ‘ट्वायलाइट’च्या गोटातले ठरता. अशा वेळी “मुलीने काम चांगलं केलंय” एवढंच म्हणून गप्प बसावं. सिनेमा झोडपणाऱ्या समीक्षकांपैकीही बऱ्याच जणांनी हीच पळवाट काढली होती. शिवाय ते खरंही आहे.

कुणी पुरस्कारांचा विषय काढला तर विषय बदला. त्या वर्षीच्या सर्वांत वाईट चित्रपटाच्या ‘गोल्डन रास्पबेरी’साठी हे विडंबन नामांकित होतं आणि त्याच यादीत मूळ मालिकेचा तिसरा भाग ‘एक्लिप्स’ही होता. थट्टा करणारा आणि जिची थट्टा झाली ती, दोघंही एकाच बाकावर. दोघांनाही मागे टाकून तो मान ‘द लास्ट एअरबेंडर’ने नेला. पुढे २०१२च्या सिनेमांतून मूळ मालिकेच्या शेवटच्या भागाने तो मिळवलाच. विडंबनाला काही तो जमला नाही.

पैशांचाही विषय काढू नका. सुमारे दोन कोटी डॉलरमध्ये काढलेल्या या सिनेमाने जगभरातून आठ कोटींच्या आसपास गोळा केले. “असले सिनेमे बघतं कोण?” हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तिकिटाचा अर्धा तुकडा आधी खिशातून काढून टाकलेला बरा.

शेवटची सूचना सिनेमा सुटल्यानंतरची. बाहेर पडताना सोबतचं कुणीतरी सहज विचारील, “मूळ सिनेमात तो गाडी कुठली चालवायचा रे?” चंदेरी व्होल्वो, हे उत्तर जिभेच्या टोकावर येईल. तिथेच ओठ चावा, केस कानामागे सारा आणि वाक्य वाऱ्यावर सोडून द्या.