पेनड्राइव्हवरचा संसार

लॅपटॉपची हार्ड डिस्क मेली तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, नवी कशाला घेताय? पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून देतो, विंडोजसारखीच सिस्टिम, लॅपटॉप त्यावरूनच चालेल. फुकटात काम." 'फुकट' या शब्दापुढे माझं आजवर कधीच काही चाललेलं नाही. पतसंस्थेनं दिवाळीत वाटलेला पेनड्राइव्ह कपाटात होताच.

बटण दाबलं आणि चहा टाकला. उकळला, गाळला, प्यायला, कप विसळला. पडद्यावरचं चक्र फिरतंच होतं. हिनं डोकावून विचारलं, "वटपौर्णिमा आहे का त्याची? सात फेऱ्या कधीच्या झाल्या!"

मग ब्राउझर. 'वीजबिल' टाइप केलं, काही उमटेना. पुन्हा केलं, तरी नाही. आणि एकदम 'वीजबिलवीजबिलवीज', एसटीचं दार उघडल्यावर माणसं आत घुसावीत तसं.

भाच्याला फोन लावला. "पण सिनेमा कॉपी करताना हाच बरा पळतो रे!"

"तो सलग माल असतो, मामा. सिस्टिमला सारखं चार-चार किलोबाइटचं किडुकमिडुक लिहायचं असतं. ब्राउझरचा कॅश म्हणजे पाहिलेल्या पानांचा साठा, लॉग म्हणजे सिस्टिमची रोजनिशी, कुठली फाइल कधी उघडली त्याची नोंद. आणि फ्लॅशमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हच्या मेमरीत, लिहिलेल्यावर लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो."

म्हणजे रांगोळीचा एक ठिपका चुकला की सगळी पुसा आणि पुन्हा काढा! हार्ड डिस्कच्या जागी हल्ली बसवतात त्या एसएसडीलाही हेच करावं लागतं म्हणे, पण तिथं बऱ्याच चिप एकदम राबतात, वर काम वाटून देणारा हुशार कंट्रोलर. फुकटातल्या ड्राइव्हला एखाददुसरी चिप. बिचारा एकट्यानं पंगत वाढतोय.

"लावलाय कुठल्या पोर्टात?"

काळ्या. निळ्यात माउस होता. (निळा रंग मला माउसला शोभतो.) काळा म्हणजे यूएसबी 2.0, कागदावर सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 मेगाबाइट, हाती पडतात सेकंदाला जेमतेम 30-35 मेगाबाइट. अदलाबदल केली. सुरू व्हायला आता अर्धाच कप चहा लागतो. ठिपक्यांचं दुखणं मात्र तसंच. मग भाच्यानं घरी येऊन कॅश रॅममध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीत हलवला, 'नोएटाइम' की काय ते घालून फाइल उघडल्याची नोंदवहीही बंद केली. बिल भरलं एकदाचं!

रात्री शट डाउन दाबलं. पडदा काही काळा होईना. ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय, दिवसभराचं थकलेलं लिखाण आता उतरवून घेतोय. मध्येच उपटायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. ही म्हणतेय, "तेवढ्यात दळण घेऊन या."