यादीत नाव नसलेल्या मुलाला कोण सांगतं?

२४ मे २०२५ ला इंग्लंड दौऱ्याचा कसोटी संघ जाहीर झाला तेव्हा इथे न्यू जर्सीत पहाट होती. उठलो तर दादरच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडलेला. करुण नायर आत, सरफराज खान बाहेर. एकाने सरफराजचे रणजीचे आकडे टाकले होते : २०१९-२० ला ९२८ धावा, २०२१-२२ ला ९८२. नागपूरला स्थायिक झालेल्या आमच्या एका मित्राने लगेच उत्तर दिलं, की नायरने विदर्भाला नुकतीच रणजी जिंकून दिलीय, ८६३ धावा केल्यात, आणि चेन्नईत ३०३ नाबाद केलेला माणूस आठ वर्षं कसोटीबाहेर बसला होता, त्याचं काय? दिवसभर हेच चालू होतं. कोणाला घ्यायला हवं होतं, कोणावर अन्याय झाला, मुंबई की विदर्भ.

मी एकही ओळ लिहिली नाही. माझ्या डोक्यात दुसऱ्याच दोन मुलांची गोष्ट होती. ती मी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर घडताना पाहिली आहे.

मी ब्रिजवॉटरला राहतो. आपल्या लोकांना हे गाव बालाजीच्या देवळामुळे माहीत असतं. त्याच गावात, रेल्वे स्टेशनला लागून, एक छोटं बेसबॉलचं मैदान आहे. जेमतेम सहा हजार माणसं मावतात. सॉमरसेट पेट्रियट्स हा तिथला संघ. २०२१ पासून तो न्यूयॉर्क यांकीजच्या, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीवरच्या एका क्लबच्या, शिडीतली एक पायरी आहे. खाली टँपा, मग हडसन व्हॅली, मग आमचं सॉमरसेट, त्याच्यावर स्क्रँटन आणि सर्वांत वर ब्राँक्समधलं यांकी स्टेडियम. पोरं या पायऱ्या चढत जातात. काही महिन्याभरात चढतात, काही तीन-तीन वर्षं एकाच पायरीवर असतात, बहुतेकांचा प्रवास मध्येच संपतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात इथे ओस्वाल्ड पेराझा खेळायला आला. व्हेनेझुएलातल्या बार्किसिमेटोचा मुलगा. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, आतल्या फळीतली सगळ्यात अवघड. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जोरदार फटके बहुतेक तिकडेच येतात. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. आम्ही लवकर जाऊन सराव बघायचो. प्रशिक्षक जमिनीलगत चेंडू मारायचा, पेराझा दोन पावलं डावीकडे, हातमोजा खाली, आणि चेंडू मोज्यात शिरला की नाही हे कळायच्या आत तो पहिल्या बेसकडे गेलेला असायचा. पुन्हा. पुन्हा. मी शिवाजी पार्कला वाढलोय, सोलकरच्या झेलांच्या गोष्टी ऐकत. चांगले हात कसे दिसतात हे मला कुणी शिकवायला नको.

पुढच्या वर्षी पेराझा स्क्रँटनला गेला आणि त्याच जागेवर अँथनी व्होल्पी आला. हा तर आमच्याच भागातला, वॉचंगला वाढलेला, मॉरिसटाउनच्या शाळेत शिकलेला. २०१९ च्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत यांकीजने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं होतं, तिसाव्या क्रमांकावर. एप्रिलमध्ये त्याची बॅट अजिबात चालेना. गावचा मुलगा म्हणून लोक टाळ्या वाजवायचे, पण त्या टाळ्यांत काळजी होती. हंगाम संपेपर्यंत मात्र त्याने, सॉमरसेट आणि स्क्रँटन मिळून, २१ होमरन (आपल्या षटकारासारखे) आणि ५० चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) अशी कामगिरी केली.

आता दोघं एकाच खुर्चीकडे बघत होते. आणि खुर्ची साधी नव्हती. १९९६ ते २०१४ डेरेक जेटर तिथे उभा होता, त्याच्यानंतर न्यूयॉर्कला कुणी पुरेसं वाटलेलंच नाही. २०२१ च्या हिवाळ्यात बाजारात मोठे शॉर्टस्टॉप उपलब्ध होते. कोरी सीगरला टेक्सासने दहा वर्षांचे ३२.५ कोटी डॉलर दिले. यांकीजने हात आखडता घेतला, कारण आपली दोन मुलं वर येतायत हे त्यांना माहीत होतं. म्हणजे अख्ख्या क्लबचा हिशेब या दोन पोरांवर बांधलेला.

पेराझा आधी वर पोचला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला बोलावलं, १८ सामन्यांत त्याची सरासरी .३०६ होती, म्हणजे दहातल्या तीन वेळा यशस्वी फटका, आणि बेसबॉलमध्ये ते उत्तम. ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या उपान्त्य मालिकेतल्या एका सामन्यात तो सुरुवातीपासून शॉर्टस्टॉपला होता. मला वाटलं, संपलं, हाच. मग २०२३ चा मार्च आला, फ्लोरिडातलं शिबिर. त्या तीन-चार आठवड्यांत व्होल्पीची बॅट तळपली, पेराझाची झोपली. ३० मार्चला यांकी स्टेडियमवर जर्सी नंबर ११ घालून एकवीस वर्षांचा व्होल्पी उतरला. पेराझा परत स्क्रँटनला.

इथवर हे सगळं आपल्याकडच्यासारखंच आहे. एक जागा, दोन लायक मुलं, एकाचं नशीब. फरक पुढे आहे, आणि तो मला ग्रुपवर कुणाला समजावता आला नाही म्हणून इथे लिहितोय.

इथे मुलाला अनंतकाळ ताटकळत ठेवायला नियमच आडवे येतात. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेला मुलगा पाच मोसमांनंतर मुख्य ४० जणांच्या यादीत घ्यावा लागतो, नाही घेतला तर डिसेंबरात दुसरा कोणताही क्लब त्याला उचलू शकतो. पेराझाने २०१६ मध्ये सही केली होती, यांकीजने २०२० च्या नोव्हेंबरात त्याला यादीत घेतलं. यादीत आल्यावर तीन वर्षं, अपवादाने चार, त्याला खाली-वर पाठवता येतं. त्यानंतर नाही. तेव्हा एक तर त्याला वर ठेवा, नाही तर इतरांना घेण्याची संधी द्या. श्रीमंत क्लबने चांगली मुलं गोदामात भरून ठेवू नयेत यासाठी हे केलेलं आहे. पेराझाच्या बाबतीत घड्याळ २०२५ मध्ये संपलं. काही महिने तिसऱ्या बेसवर, काही दिवस बाकावर, आणि जुलैअखेर त्याला एंजल्स या दुसऱ्या क्लबकडे धाडलं. वाईट वाटलं मला. पण त्याला उत्तर मिळालं होतं. आणि यादीत नाव नसेल तर ते मॅनेजर खोलीत बोलावून, दार लावून, समोर बसवून सांगतो, ही इथली रीत आहे. पार खालच्या पायरीवरसुद्धा.

माझ्या दादाला कुणी सांगितलं नव्हतं.

१९९३ सालची गोष्ट. दादा सतरा वर्षांचा, यष्टिरक्षक. वयोगटाच्या संघाच्या संभाव्य यादीत दोन यष्टिरक्षक होते, एक तो आणि एक उपनगरातला मुलगा. तीन आठवडे रोज पहाटे किट घेऊन जायचा. आई पावणेपाचला उठून त्याला पोहे करून द्यायची. एका सोमवारी फलकावर टाइप केलेला कागद लागला. दादाने तो तीनदा वाचला, मग बोट ठेवून वाचला. बाबा म्हणाले, विचारून ये, काय कमी पडलं ते तरी कळेल. तो गेला. टेबलामागच्या माणसाने वर न बघता सांगितलं, ‘यादी लावलीय ना बाहेर.’ दादा दोन वर्षं पुन्हा जात राहिला, कारण नाही असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्या दोन वर्षांत त्याची बारावी गेली. हात कमी पडले, बॅट कमी पडली, की तो दुसरा मुलगा खरंच चांगला होता, हे त्याला आजतागायत माहीत नाही. आज तो पन्नाशीला आलाय.

आता तोल बघायचा तर दुसरं पारडंही भरलेलं आहे, आणि ते हलकं नाही.

अमेरिकेची शिडी निर्दय आहे. ज्या नोव्हेंबर २०२० मध्ये आमच्या सॉमरसेटला यांकीज मिळाले, त्याच महिन्यात ट्रेंटनचे गेले. दोन्ही गावं एकाच राज्यात, तासाभराच्या अंतरावर. मेजर लीगने खालच्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली, चाळीस गावांचं बेसबॉल एका निर्णयाने वाऱ्यावर गेलं. वार्षिक निवड चाळीस फेऱ्यांची होती, ती वीसवर आली. पगाराचं तर विचारू नका. २०२२ पर्यंत आमच्या पायरीवरच्या मुलाचं किमान वेतन वर्षाला १३,८०० डॉलर होतं. न्यू जर्सीत एवढ्यात खोलीचं भाडंही सुटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ही मुलं खेळाडूंच्या युनियनमध्ये आली, पुढच्या मार्चमध्ये करार झाला आणि किमान वेतन ३०,२५० झालं. भारतात आज अकरात खेळणाऱ्या नवख्या रणजीपटूलाही दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. हे इथल्या माझ्या सहकाऱ्यांना सांगितलं की ते थक्क होतात.

आणि एक गोष्ट अशी आहे जी इथे नाहीच. पद्माकर शिवलकर. बिशनसिंग बेदी असल्यामुळे भारतासाठी एकही कसोटी नाही. पण १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, चेपॉकच्या अंतिम सामन्यात १६ धावांत ८ बळी, आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मुंबईसाठी मैदानात. इथे सत्तावीस वर्षांचा खालच्या पायरीवरचा खेळाडू म्हातारा समजतात, तिशीला तो विमा विकत असतो. अमोल मुझुमदार घ्या. पदार्पणात २६० धावा, पुढे ११ हजारांवर धावा, ३० शतकं, आणि समोर सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. बोलावणं आलं नाही. पण माणूस वीस वर्षं खेळला, मुंबईला कर्णधार म्हणून रणजी जिंकून दिली, आसामला गेला, आंध्रला गेला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या मैदानात आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून तिथे उभा होता. तो सामना संपला तेव्हा मी इथे एकटा घरात रडलो. हरलेल्या शर्यतीतल्या माणसाला आपण आपल्यात ठेवतो, त्याच्याकडून शिकतो. इथल्या शिडीवरून उतरलेल्या मुलाचं पुढे काय झालं हे त्याच्याच गावाबाहेर कुणाला ठाऊक नसतं.

म्हणून मी ‘अमेरिकेत सगळं कसं छान’ असं लिहीत नाही. असं लिहिणाऱ्या अनिवासी भारतीयांचा मलाही राग येतो. निवड इथेही चुकते. व्होल्पीलाच बघा. पहिल्याच वर्षी त्याला गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला, यांकीजच्या कोणत्याही नवख्याला तो आधी मिळाला नव्हता, आणि २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, त्याने ग्रँड स्लॅमही (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला. पण बॅटिंगची सरासरी पहिल्या वर्षी .२०९ होती आणि ती काळजी कधी गेलीच नाही. २०२५ मध्ये खांदा दुखावलेला असताना तो खेळत राहिला, क्षेत्ररक्षणात १९ चुका झाल्या, आणि ज्या स्टेडियमने त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यानेच हुर्यो उडवली. त्याच उन्हाळ्यात आमच्या ब्रिजवॉटरच्या मैदानावर वीस वर्षांचा जॉर्ज लोंबार्ड ज्युनियर शॉर्टस्टॉपला उभा होता, हात सुंदर, बॅट अजून कच्ची. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. तो म्हणाला, ‘बाबा, हा व्होल्पीची जागा घेणार.’ मी विचारलं, आणि पेराझाचं काय रे झालं? त्याला नाव आठवायला क्षणभर लागला.

मित्रांच्या ग्रुपवर मला एवढंच म्हणायचं होतं. सरफराज की नायर हा वाद आपण आणखी शंभर वर्षं घालू, घालावा, त्यात मजा आहे. वरच्या पातळीवर निवड समितीचे प्रमुख म्हणून अजित आगरकरांना निदान पत्रकारांपुढे बसून कारण द्यावं लागलं. पण चौदा वर्षांखालच्या, सोळा वर्षांखालच्या, जिल्ह्याच्या निवडीत जो मुलगा घरी जातो, त्याला कोण बोलावतं? त्याला दोन मिनिटं देऊन ‘तुझा डावा पाय उशिरा पडतो’ एवढं सांगायला कोणता निधी लागतो? आणि सतत तीन वर्षं संभाव्य यादीत ठेवलेल्या मुलाला एकही सामना न देता चौथ्या वर्षी पुन्हा बोलावू नये, असा नियम लिहायला कोणी अडवलंय? हवं तर त्याला दुसऱ्या संघाकडून खेळायची मोकळीक द्या. आपल्याकडे शिवलकर होऊन गेले, मुझुमदार आहेत, ही आपली श्रीमंती. ती त्यांच्या सहनशीलतेतून आली, आपल्या व्यवस्थेतून नाही. त्या सहनशीलतेवर आपण किती दिवस जगणार?

गेल्या डिसेंबरात मुंबईत होतो. दादा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता सकाळी पार्कात लहान मुलांना शिकवतो. रविवारच्या सामन्याचा संघ त्याने कागदावर लिहिला होता. तो कागद खिशातच ठेवून त्याने आधी चार मुलांना एकेक करून रोलरपाशी बोलावलं. मी कुंपणाजवळ चहा पीत होतो, सगळं ऐकू येत नव्हतं. शेवटचा मुलगा यष्टिरक्षक होता, पॅड अजून पायातच. दादा त्याच्यासमोर खाली बसला, दोन्ही तळवे जोडून दाखवले, बोटं खाली, मग वर. मुलगा मान खाली घालून बघत होता. मग त्याने काहीतरी विचारलं.

‘येच ना उद्या,’ दादा म्हणाला. ‘साडेसहाला. आतले ग्लव्ज आण.’