इलिंद यांची बॅटरी

गाडीची बॅटरी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसली, याबद्दल माझी तक्रार नाही. कोलंबस, ओहायोतल्या थंडीत माणसंही बसतात. तक्रार स्वेटरबद्दल आहे. म्हणजे स्वेटर उत्तम होता. सासूबाईंनी सांगलीत बसून विणलेला, गडद निळा, गळ्याशी आणि बाह्यांवर पिवळे पट्टे. सांगलीची बाई, तिचा पिवळा म्हणजे हळदीचाच.

आता यातली मेख. इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रंग लाल आणि करडा. उत्तरेला शेजारच्या राज्यात मिशिगन विद्यापीठ, त्याचे रंग निळा आणि मक्याचा पिवळा. दोघांची फुटबॉलची मॅच नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते. फुटबॉल म्हणजे इथला, हाताने खेळायचा. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी एम दिसेल तिथे लाल टेपची फुली मारतात. वाह्यात पोरांचा उद्योग म्हणून सोडून द्यावं तर तसंही नाही, चांगलं राजरोस चालतं. विद्यापीठाचं पाहून मग गावातली दुकानंही मारतात.

माझं नाव मिलिंद.

गॅरेजमध्ये काउंटरवरच्या पोराने नाव विचारलं, मी स्पेलिंग सांगितलं, त्याने टाईप केलं, माझ्या छातीकडे बघितलं आणि एक बटण पुन्हा दाबलं. मी दुर्लक्ष केलं. तासभर लागेल म्हणाला. वेटिंग रूममध्ये गेलो. रूममधल्या एमवर फुली, मेन्स रूमच्या एमवर फुली, मोटर ऑइलच्या डब्यांच्या अख्ख्या रांगेवर फुल्या. फुकटची कॉफी, पॉपकॉर्नचं मशीन आणि एक आजोबा.

आजोबा डोक्यापासून बुटापर्यंत लाल. गळ्यात बकायच्या बियांची माळ. बकाय हे ओहायोचं झाड, टीमचं नावही तेच. तपकिरी टपोऱ्या बिया, खायच्या कामाच्या नाहीत, म्हणून गळ्यात घालतात. रुद्राक्षाची माळ घातलेले बुवा कीर्तनाआधी श्रोत्यांवर नजर फिरवतात तशी त्यांनी माझ्यावर फिरवली. श्रोता मी एकटाच होतो.

"हा मका आहे," ते म्हणाले.

मी पॉपकॉर्नच्या मशीनकडे पाहिलं. "हो, फुकट आहे वाटतं."

"स्वेटर."

"ही हळद आहे," मी म्हणालो. "माझ्या सासूबाईंनी विणलाय. भारतात."

"त्या वरच्या राज्यात कधी गेल्या होत्या का?"

सासूबाई मिरजेच्या पुढे फारशा जात नाहीत. पण 'वरचं राज्य' म्हणजे मिशिगन, आणि ते नाव घ्यायचं नाही, हे मला माहीत होतं. ही प्रथा वुडी हेज नावाच्या कोचची. १९५१ ते १९७८ हा माणूस ओहायो स्टेटचा कोच होता आणि मिशिगनला 'ती वरची शाळा' म्हणायचा. आजोबांनी मला त्याची कथा सांगितली: मिशिगनातून परतताना गाडीतलं पेट्रोल संपत आलं, तर म्हणाला, गाडी ढकलत ओहायोच्या हद्दीत नेईन पण या राज्याला एक सेंट टॅक्स देणार नाही. ही गोष्ट खरी की खोटी यावर लोक वाद घालतात. आजोबा सांगत होते ते मात्र स्वतः मागून गाडी ढकलल्यासारखं.

मग १८३५ सुरू झालं. टोलेडो शहर कुणाचं यावरून दोन्ही बाजूंनी शिबंदी उभी केली होती, शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनची समजूत वरच्या द्वीपकल्पावर काढली. "टोलेडो आम्ही घेतलं," आजोबा म्हणाले. मी म्हणालो, आमच्याकडेही असं एक टोलेडो आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यांना त्यात रस वाटला नाही. बेळगावच्या प्रश्नात कुणाला रस वाटत नाही, हे मी महाराष्ट्रातही पाहिलंय.

"तुला वाटत असेल, म्हातारा कपड्यांसाठी भांडतोय," ते म्हणाले. वाटत होतंच. "पण रंग म्हणजे रंग. २०१५ साली पेन स्टेट विद्यापीठाविरुद्ध आपल्या पोरांना काळे कपडे घातले. काळे! काळा आपला आहे का? काळा मयताला घालतात."

"मग तुम्ही ती जर्सी घेतली नसेल."

"नातवाने मागितली," असं म्हणून आजोबांनी पॉपकॉर्न घेतलं.

सगळी गंमत इथेच आहे. कपडे बनवणारी कंपनी अधूनमधून काहीतरी नवं 'पर्यायी' काढते, पट्ट्या हलवते, करड्याचा कोळसा करते. चाहते आठवडाभर बोंबलतात, धर्म बुडाला म्हणतात आणि शनिवारी शंभराच्या वर डॉलर मोजून तेच घालून येतात. मिशिगनवाल्यांचंही तेच. त्यांचा मका खेळाडूंच्या अंगावर इतका भडक होत गेला की त्यांचेच लोक म्हणतात, हा मका नाही, परीक्षेत ओळी रंगवायचं पेन आहे. आणि पेन स्टेटचे मूळ रंग होते गुलाबी आणि काळा! उन्हात गुलाबी उडून पांढरा झाला, तेव्हा कुठे मंडळी निळ्या-पांढऱ्यावर आली. एखाद्या धोब्याला विचारलं असतं तर १८८७ सालीच सांगितलं असतं.

हे मी आजोबांना सांगितलं, ते खूश झाले. पेन स्टेटवर काहीही बोललेलं चालत होतं. मग माझ्यातला पुणेकर जागा झाला. मी म्हणालो, "तुमचा लालही पहिला नाही. १८७८ साली तीन विद्यार्थ्यांच्या कमिटीने आधी नारिंगी आणि काळा निवडला होता. ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे निघाले, म्हणून लाल-करडा. नाहीतर आज तुम्ही नारिंगी असता."

आजोबा थांबले. पॉपकॉर्नही थांबलं.

"कुणी सांगितलं?"

"विद्यापीठच सांगतं."

"लिहिणारा वरच्या राज्यातला असेल."

मी म्हणालो, त्यांचंही तसंच आहे. मिशिगनच्या हेल्मेटवरचे ते प्रसिद्ध पिवळे पंख १९३८ साली फ्रिट्झ क्रिस्लर नावाच्या कोचने आणले. त्याआधी तो प्रिन्स्टनला होता, पंख तिथलेच. एकाने प्रिन्स्टनला घाबरून रंग सोडला, दुसऱ्याने प्रिन्स्टनहून टोपी आणली, आणि भांडताय एकमेकांशी. आजोबांना यातला फक्त टोपीचा भाग ऐकू आला. "चोर!" ते समाधानाने म्हणाले.

"तुम्ही कुठल्या वर्षीचे?" मी विचारलं.

"मी? मी कॉलेजात नाही गेलो."

मी गेलो होतो. याच विद्यापीठात, परदेशी विद्यार्थ्याची फी भरून, मास्टर्स. डिग्री दिवाणखान्यात लावलेली आहे. तसं मी सांगितलंही. त्यांनी पुन्हा स्वेटरकडे पाहिलं आणि मान हलवली, शिकूनसुद्धा असा निघाला, अशी.

खरं दुःख वेगळं होतं. २०२१ ते २०२४, सलग चार वर्षं ओहायो स्टेट ही मॅच हरली. चौथ्या वर्षी तर हरूनही पुढे जाऊन राष्ट्रीय विजेती झाली, पण आजोबांचं म्हणणं, ती ट्रॉफी ठीक आहे, शनिवार गेला त्याचं काय. हे मात्र मला मनापासून पटलं. आमच्याही कॉलेजात करंडक दुय्यम होता, शेजारचं कॉलेज पडणं महत्त्वाचं.

एवढ्यात काउंटरवरचा पोरगा लाल टेपचं रीळ घेऊन आला. आजोबांनी खूण केली असावी. "ऑल इन फन, हं?" म्हणाला आणि मी कप खाली ठेवेपर्यंत माझ्या छातीवर ही एवढी फुली. तोवर आणखी दोघं येऊन बसले होते, ते हसले. कुणीतरी फोटो काढला. मीही हसलो. अशा वेळी कपाळावर आठी आली की 'याला गंमत कळत नाही' हे चिकटतं, आणि ते टेपपेक्षा घट्ट चिकटतं. त्यांच्यातल्या कुणाच्या दीडशे डॉलरच्या जर्सीवर मी गमतीने चिकटपट्टी मारली असती, तर ती कितपत गंमत ठरली असती? जाऊ दे.

घरी येऊन टेप काढली, तर लोकर बरोबर आली. निळ्यावर आता खरबरीत फिकट फुली आहे, कायमची. बायकोने वाफ देऊन पाहिली. दर रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल असतो आणि 'तो स्वेटर घातला नाहीत का?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो माझ्याआधी पोचला. तिथे सगळे दिवाळीपासून कोण वर्गणी देत नाही यावर गप्प होते, ते एकदम बोलके झाले. तिथलं माझं नावही बदललंय.

कारण निघताना काउंटरवरून हाक आली होती, "इलिंद! इलिंद, गाडी तयार आहे!" पावतीवर इलिंद. आणि बॅटरीच्या तीन वर्षांच्या वॉरंटीवरही इलिंद. उद्या बॅटरी पुन्हा बसली आणि ओळखपत्र मागितलं तर माझ्याजवळ इलिंदचं काय आहे? फोन केला, म्हटलं, नाव दुरुस्त करा. पोरगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, नक्की करू सर, पण सोमवारी फोन करा. शनिवारपर्यंत आमच्या कीबोर्डच्या एमवर टेप आहे.