गॅरेज, ५० हजार डॉलर आणि रातोरात अब्जाधीश? नाही हो

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, बिल गेट्सने कॉलेज सोडलं, खिशात दमडी नसताना गॅरेजमध्ये मायक्रोसॉफ्ट काढली, दुसऱ्याची डॉस (कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) ५० हजार डॉलरला घेऊन आयबीएमला विकली आणि रातोरात अब्जाधीश झाला. सेकंड इयरच्या भाच्याने तो स्टेटसला ठेवलाय म्हणून लिहितोय.

गॅरेज अ‍ॅपलच्या गोष्टीतलं, ते इकडे चिकटवलंय. मायक्रोसॉफ्ट १९७५ साली अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात सुरू झाली, कारण ज्या अल्टेअर कॉम्प्युटरसाठी त्यांनी प्रोग्रॅम लिहिला तो बनवणारी मिट्स कंपनी तिथे होती. दमडी नसण्याचं म्हणाल तर वडील सिअ‍ॅटलमधले नावाजलेले वकील, आणि शाळेतच १९६८ पासून मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं टर्मिनल हाताशी, म्हणजे कॉलेज सोडलं तेव्हा प्रोग्रॅमिंगची सहा-सात वर्षं गाठीशी होती!

आणि मेहनत तर मेसेजमध्ये कुठेच नाही. गेट्स आणि त्याचा जोडीदार पॉल अ‍ॅलन, दोघांनी अल्टेअर डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. अ‍ॅलनने हार्वर्डच्या मोठ्या मशीनवर अल्टेअरमधल्या ८०८० चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला, त्यावर गेट्सने अल्टेअरसाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायला घेतली, अपूर्णांकांच्या गणिताचा भाग मॉन्टे डेव्हिडॉफने केला, आणि हे सगळं ४ केबी मेमरीत चालेल इतकं लहान करायचं होतं. अ‍ॅलन बेसिकची कागदी टेप घेऊन मिट्सकडे निघाला आणि विमानात लक्षात आलं की टेप लोड करणारा प्रोग्रॅमच लिहायचा राहिलाय, तो त्याने तिथेच बसून लिहिला. मिट्समध्ये २+२ टाईप केलं, मशीनने ४ छापले. मला हा प्रसंग अजून भारी वाटतो.

आता डॉस. १९८० मध्ये आयबीएम दारात आली ती मुळात बेसिकसारख्या भाषांसाठी. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तर गेट्सनेच त्यांना आधी गॅरी किल्डालच्या डिजिटल रिसर्च या कंपनीकडे पाठवलं होतं. तिथे जमलं नाही, मग सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स कंपनीत टिम पॅटरसनने लिहिलेली ८६-डॉस, म्हणजे मेसेजमधली डॉस, घेतली, आधी २५ हजार डॉलर लायसन्सचे, जुलै १९८१ मध्ये आणखी ५० हजार हक्कांचे. पुढे ती कंपनी कोर्टात गेली, १९८६ मध्ये तिला ९ लाख २५ हजार देऊन मिटवावं लागलं.

आणि "आयबीएमला विकली" हेच सगळ्यात चुकीचं. विकली नाही, लायसन्स दिलं, हक्क स्वतःकडे ठेवले, म्हणून कॉम्पॅकसारखे आयबीएमशी जुळणारे पीसी बनवणारे आले तसे तेही डॉस घ्यायला मायक्रोसॉफ्टकडेच गेले. खरा पैसा इथला.

शेअर बाजारात कंपनी आली मार्च १९८६ मध्ये, गेट्स अब्जाधीश झाला १९८७ मध्ये. बारा वर्षांची रात्र असते का रे?